‘जागी आहेस का?’

प्रिय ताई,
मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या गाईडचं विषयात मोठं नाव आहे आणि पहिली दोन वर्षं त्यांनी मला खरंच खूप शिकवलं. गेले सात-आठ महिने मात्र रात्री अकरा-साडेअकराला त्यांचे मेसेज येतात. सुरुवात थिसिसच्या प्रकरणाने होते. मग ‘जागी आहेस का?’, ‘आज निळा रंग छान दिसत होता’, ‘घरी मला कुणी समजून घेत नाही, तुझ्याशी बोललं की हलकं वाटतं.’ केबिनमध्ये चर्चा संपली तरी बसवून ठेवतात. काय बोलावं ते न कळून मी स्मायली पाठवत राहिले. एकदा दोन दिवस उत्तर दिलं नाही, तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘हल्ली तुझं कामात लक्ष नाही’ म्हणाले. पुढच्या महिन्यात एका परिषदेला आम्ही दोघंच जाणार आहोत. ‘संध्याकाळ मोकळी ठेव’ असं आत्ताच सांगून ठेवलंय. त्यांनी कधी अंगाला हात लावलेला नाही. लॅबमधली मैत्रीण म्हणते, ‘लाडकी आहेस, फायदा करून घे.’ मला मात्र फोनचा उजेड दिसला तरी पोटात गोळा येतो. फेलोशिपच्या कागदांवर सही त्यांचीच लागते. मी उगाच जास्त विचार करतेय का? आणि त्यांना न दुखावता हे कसं थांबवू?
— तिसऱ्या वर्षाची

प्रिय तिसऱ्या वर्षाची,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकाच वाक्यापाशी अडले. तू दोन दिवस उत्तर दिलं नाहीस आणि त्याची वसुली दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, तुझ्या कामावर झाली. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तू जास्त विचार करत नाहीयेस. रात्रीचे मेसेज आणि दिवसाचं काम या दोन गोष्टी त्यांनीच एकमेकींना बांधल्या आहेत, आणि ती गाठ तुला बरोबर जाणवली.

इथे पत्र थोडक्यात छापलंय. मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली दोन पानं तू सरांच्या मनाचा ठाव घेण्यात घालवली आहेस. एकटे पडले असतील. स्वभावच तसा असेल. मुलीसारखं मानत असतील. असेलही. पण हा शोध तू आता सोडून दे, कारण तो संपणारा नाही आणि त्याच्या उत्तरावर तुझं काहीच अडलेलं नाही. तुला हे नकोय, एवढं पुरे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही याच शब्दाभोवती उभा आहे. नकोसा स्पर्श, नकोशी शेरेबाजी, नकोसं वागणं, मग ते शब्दांतून असो वा शब्दांशिवाय. बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं, यापेक्षा ऐकणारीला ते हवं होतं का, हे तिथे आधी विचारलं जातं. ‘माझं ऐकलंस तर बरं होईल’ किंवा ‘नाहीतर कामात त्रास होईल’ असं उघड किंवा आडून सुचवणं हेही त्याच कायद्यात येतं. हात लावला नाही म्हणजे काही झालंच नाही, असं त्यात कुठेही नाही.

आता स्मायलीबद्दल. त्याचं ओझं तू पत्रभर वागवलं आहेस, म्हणून माझं एक सांगते.

मी एम.फिल. करत होते तेव्हा मोबाइल नव्हते. माझे मार्गदर्शक मसुदा तपासून द्यायचे, समासात लाल शाईने शेरे असायचे. ‘संदर्भ द्या.’ ‘हे विधान पुराव्याशिवाय.’ मग हळूहळू शेऱ्यांमध्ये दुसरं काही येऊ लागलं. एका पानावर होतं, ‘काल आली नाहीस. दुपार गेली नाही.’ मी काय केलं असेल? घरी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती पानं फाडली आणि रात्रभर बसून तेवढा मजकूर पुन्हा हाताने लिहून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसून हसले. प्रबंधिका झाली तेव्हा ऋणनिर्देशात पहिलं नाव त्यांचंच होतं. ते मीच लिहिलंय, माझ्या अक्षरात, ‘त्यांच्या सततच्या मार्गदर्शनामुळेच’ वगैरे. ते नाव वाचून कुणी म्हणेल की हिला सगळं हवंच होतं, तर तो माणूस सहीची सत्ता म्हणजे काय ते कधी भोगलेला नसणार. समोरच्याच्या हातात आपल्या आयुष्यातली तीन-चार वर्षं असतात तेव्हा माणूस हसतो. तुझी स्मायली आणि माझा ऋणनिर्देश एकाच भीतीतून आलेत. तो होकार नव्हता, आणि उद्यापासून स्मायली बंद करायला तुला कालच्या स्मायलीचा खुलासा द्यावा लागत नाही.

मला मात्र आजही ती फाडलेली पानं आठवतात. म्हणून आधी हे कर. काहीही डिलीट करू नकोस. चॅट एक्स्पोर्ट कर, स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे काढ आणि ते तुझ्या खाजगी ईमेलवर ठेव, संस्थेच्या मेलवर नको. एक साधी वही कर. केबिनमध्ये काही बोलले तर त्याच दिवशी लिही: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होतं, तू काय म्हणालीस. ‘सर विचित्र वागले’ असं लिहू नकोस. ‘मंगळवार, पावणेसहा. चर्चा साडेपाचला संपली. मी उठले तेव्हा म्हणाले, बस ना, कसली घाई’ असं लिही. मीटिंगमधला तो शेराही आठवून लिही आणि त्याच्या शेजारी तू उत्तर न दिलेल्या दोन दिवसांच्या तारखा टाक. तू तक्रार करशील की नाही हा पुढचा प्रश्न. वहीचा पहिला उपयोग तुला स्वतःलाच होतो. रात्री दोन वाजता ‘मलाच वाटतंय का हे सगळं’ असं डोक्यात फिरायला लागलं की वही उघडायची.

आता तुझा दुसरा प्रश्न, त्यांना न दुखावता. हा शब्द मला टोचला. ते दुखावले जाणार नाहीत याची हमी मी देऊ शकत नाही आणि ती जबाबदारी तुझी आहे असं मला वाटतही नाही. पण तुला दोन-तीन वर्षं तिथे काढायची आहेत हे खरं आहे. म्हणून पहिलं पाऊल भांडणाचं नको, कामाची रीत बदलण्याचं असू दे. रात्रीच्या मेसेजला रात्री उत्तर द्यायचंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, त्यातला फक्त कामाचा भाग उचलून ईमेल करायची:

‘सर, प्रकरण तीनवरच्या तुमच्या सूचना पाहिल्या. शुक्रवारपर्यंत बदल करून पाठवते. कामाचं सगळं मी यापुढे ईमेलवरच ठेवते आहे, म्हणजे नोंद राहते. रात्री नऊनंतर मी फोन बघत नाही.’

एवढंच. ‘सॉरी’ नाही, ‘राग मानू नका’ नाही, आणि कारणही नाही. कारण द्यायचा मोह फार होतो. आई आजारी आहे, डोळे दुखतात, नेट चालत नाही. पण दिलेलं कारण समोरचा सोडवू शकतो. आईला बरं वाटलं की मग काय सांगशील? ‘बघत नाही’ या दोन शब्दांना सोडवण्यासारखं काही नसतं.

निळ्या रंगाला, दिसण्याला, घरच्या दुःखाला उत्तरच देऊ नकोस. तरीही चालूच राहिलं, तर एकदा, लेखी, सरळ सांग: ‘सर, माझ्या दिसण्याबद्दल आणि खाजगी गोष्टींबद्दल बोलणं मला नको वाटतं. आपण कामापुरतंच बोलूया.’ पाठवायला बोट थरथरेल. थरथरत्या बोटाने पाठवलेला मेसेजही पोचतोच. आणि पुढे कुणी ‘तिने कधी सांगितलंच नाही’ म्हणालं तर ते वाक्य तारखेसकट तुझ्याजवळ असेल. तसं न सांगताही तुझी बाजू खरीच राहते, हेही लक्षात ठेव. अनेकींना ते सांगणं शक्य होत नाही.

केबिनचं थोडं वेगळं असतं, कारण तिथे विचार करायला वेळ मिळत नाही. शक्यतो अशी वेळ घे की तुझ्यानंतर लगेच दुसऱ्या कुणाची भेट असेल. आत जाताना दार उघडंच सोड. मुद्दे वहीत लिहून ने, आणि शेवटचा मुद्दा संपला की वही मिटायची, उभं राहायचं आणि उभ्याउभ्याच म्हणायचं, ‘पुढचं सोमवारी दाखवते सर.’ बसून निघण्याची परवानगी मागू नकोस. ‘बस ना’ आलं तर ‘नाही सर, निघते’ आणि पाय दाराकडे. हे घरी तीन-चारदा खरोखर उठून, मोठ्याने बोलून बघ. वेडेपणा वाटेल, पण ऐन वेळी डोकं गोठतं तेव्हा पायांना सवय असावी लागते.

आणि मग बघ, तुझ्या त्या छोट्याशा ‘नाही’चं ते काय करतात. त्यांच्या मनाचा ठाव घ्यायचाच असेल तर तो फक्त इथे लागतो. सीमा ओलांडली हे लक्षात आल्यावर ओशाळून मागे सरकलेले गाईड मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताखालच्या मुलींचं काम नीट पूर्ण झालं, बोलणं कामापुरतं उरलं आणि ते दोघांनाही चाललं. दुसऱ्या प्रकारचा माणूस मात्र सही लांबवतो, तपासायला दिलेलं प्रकरण महिनाभर पडू देतो, सगळ्यांसमोर बोलतो. तसं होऊ लागलं तर ते तुझ्या नकाराचं फळ नाही. ती शिक्षा आहे, आणि तिचीही नोंद वहीत कर.

तोवर तुझं संशोधन एकाच माणसाच्या मर्जीवर टांगलेलं राहू नये यासाठी कामाला लाग. मला वाटतं, यातच तुझं खरं बळ आहे. डेटा, नोंदवह्या, मसुद्यांच्या सगळ्या आवृत्त्या यांची प्रत तुझ्याजवळ हवी. कोणत्या पेपरवर कुणाची नावं येणार हे आत्ताच, काम चालू असताना, ईमेलवर ठरवून घे. फेलोशिपचे फॉर्म मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी ईमेलने पाठव आणि त्यात शेवटची तारीख लिही. मग सही उशिरा झाली तर ती कुणाकडे अडली हे कागदच सांगेल. तुझी संशोधन सल्लागार समिती असेल. बहुतेक जण तिच्याकडे सहा महिन्यांनी एकदा करायचं प्रेझेंटेशन म्हणून बघतात. तू त्यातल्या एक-दोघांशी मध्येही बोलत राहा, प्रकरण वाचायला दे, शंका विचार. तुझं काम कुठवर आलंय हे आणखी दोन प्राध्यापकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असेल, तर ‘हिचं लक्ष नाही’ हे वाक्य पोकळ पडतं. उद्या शिफारसपत्र लागलं किंवा गाईड बदलायची वेळ आली, तर हीच माणसं कामी येतील.

गाईड बदलणं हे अपयश नाही. तिसऱ्या वर्षी ते महागात पडतं, विषय थोडा वळवावा लागतो, हे मला माहीत आहे. पण तुझ्या संस्थेच्या पीएच.डी. नियमांत त्याची वाट काय आहे, अर्ज कुणाकडे करायचा, को-गाईड घेता येतो का, हे आत्ता शांतपणे वाचून ठेव. वाट माहीत असली की त्याच केबिनमध्ये बसताना श्वास वेगळा येतो.

कुणाला तरी सांग. एकीला तरी. घरी सांगितलं तर ‘सोड ते सगळं आणि ये परत’ म्हणतील ही तुझी भीती मूळ पत्रात आहे, आणि ती मी ऐकली. मग पहिल्यांदा तिला सांग जी ऐकून घेईल आणि तुझ्या वतीने निर्णय घेणार नाही. एखादी सीनियर, दुसऱ्या विभागातल्या मॅडम, जुनी मैत्रीण. लॅबमधल्या मैत्रिणीवर रागावू नकोस. ‘फायदा करून घे’ म्हणणारीने बहुतेक कधीतरी असंच काही गिळलेलं असतं. पण तिच्याजवळ हे सगळं उघडही करू नकोस. आणि झोप उडालीच आहे, पोटात गोळा रोजचाच झालाय, तर समुपदेशकाशी बोल. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येतं.

आता तक्रार. तू विचारलेलं नाहीस, पण शब्दाशब्दामागे तोच प्रश्न उभा आहे. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थ्यांनाही त्यात स्पष्टपणे घेतलंय. (हे नियम मुलग्यांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. मला पत्र लिहिणाऱ्यांत मुलगेही असतात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही.) समितीची अध्यक्ष महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरची एक व्यक्ती असते, आणि प्रकरण विद्यार्थ्याचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या माणसांना या समितीत बसता येत नाही. ‘विभागप्रमुख सरांचे मित्र आहेत’ असं तू लिहिलंस, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

तुझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची तरतूद वेगळीच आहे. चौकशी चालू असताना समिती शिफारस करू शकते की त्या शिक्षकाने तक्रार करणारीच्या कामाचं, परीक्षेचं मूल्यमापन करू नये. म्हणजे सही ज्या हातात आहे तो हात बाजूला करायची सोय नियमांतच आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. एकामागून एक घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात, आणि उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. तेव्हा सात-आठ महिने झाले म्हणून वेळ गेली असं समजू नकोस. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. नावं, मजकूर, चौकशी यातलं काहीही बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. आणि आरोप सिद्ध झाला नाही, म्हणजे तक्रार खोटी ठरली असं होत नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात मनाई असूनही कुजबुज होते, काही जण बोलणं तोडतात, ९० दिवस फार लांब वाटतात. हे लपवून तुला तक्रारीकडे ढकलणं मला पटत नाही. तू आज तक्रार करावीस की आधी रीत बदलून पाहावीस, हे तुझं तू ठरव. दोन्ही बरोबरच आहेत. एक गोष्ट मात्र पक्की ठेव. त्यांनी अंगाला हात लावला, किंवा ‘असं केलंस तरच सही’ असं तोंडाने म्हटलं, तर मी वर सांगितलेल्या छोट्या पायऱ्या चढत बसू नकोस. त्याच दिवशी समितीकडे जा, बरोबर कुणालातरी घेऊन. पोलिसांत जायचा मार्गही तुला मोकळा आहे, लैंगिक छळ हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

राहता राहिली परिषद. तिकीट आणि राहण्याची खोली तू स्वतः बुक कर, आयोजकांकडे नोंदणी करून. सरांना ‘माझं झालंय सर’ एवढंच कळव. खोली वेगळ्या ठिकाणी मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान वेगळ्या मजल्यावर. कार्यक्रमपत्रिका आली की तुझ्या ओळखीचं कोण आहे ते बघ आणि त्यांना आधीच लिही की संध्याकाळी भेटूया, तुमच्या पेपरवर बोलायचंय. मग ‘संध्याकाळ मोकळी ठेव’ला उत्तर सोपं जाईल आणि ते खरंही असेल: ‘सर, संध्याकाळी माझ्या भेटी ठरल्या आहेत. प्रेझेंटेशनबद्दल काही असेल तर सकाळच्या सत्राआधी हॉलमध्येच बोलूया.’ आजच पाठव. महिनाभर ते वाक्य उरावर घेऊन झोपायचं कशाला? आणि जायचंच नसेल, मन धजतच नसेल, तर नको जाऊस. पेपर ऑनलाइन मांडता येईल का ते आयोजकांना विचार. काय ठरलं ते मला कळव. उत्तर रात्री लिहू नकोस, सकाळी लिही.

तुझी,
ताई